मी पाहिलेले कोबे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी मला फोन करून सांगितले की, "तुम्ही जपान पाहून आलात, आता मुलांना काही सांगा." मी म्हणालो, "साहेब, मी काही वक्ता नव्हे. आयुष्यभर बांधकामाच्या साइटवर ओव्हरसिअर म्हणून उभा राहिलो. माझे बोलणे गवंडी आणि बारबेंडर यांच्याशी. भाषण मला कसे जमणार?" ते म्हणाले, "मग गवंड्याशी बोलता तसेच बोला." तेव्हा तसेच बोलणार आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझी मुलगी आपल्याच शाळेत दहावीपर्यंत शिकली. पुढे ती इंजिनिअर झाली, तिचे लग्न झाले आणि आता ती जावई व नातवासह जपानमध्ये ओसाका शहरी राहते. गेल्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात मी आणि माझी पत्नी तिच्याकडे गेलो होतो. पासपोर्टवर उमटलेला हा आमचा पहिलाच शिक्का. ओसाकात आठवडाभर राहिलो, पण आज मी ओसाकाविषयी सांगणार नाही. तेथून जवळच कोबे नावाचे मोठे बंदर आहे. तेथे आम्ही चार दिवस मुक्काम केला. त्या शहराने मला काही दाखविले, आणि काही आठवूनही दिले. तेवढेच सांगतो.

ओसाकाहून कोबेला जाणे म्हणजे आपले बोरिवलीहून चर्चगेटला जाणे. अंतर साधारण तेवढेच, तीस किलोमीटरच्या आसपास. फरक इतकाच की जलद गाडी वीस-बावीस मिनिटांत सान्नोमिया स्टेशनवर पोहोचविते आणि कोणाचा कोपर कोणाच्या बरगडीत जात नाही. गर्दी असते, नाही असे नाही. पण आधी उतरणारे उतरतात, मग चढणारे रांगेने चढतात. माझी पत्नी सवयीप्रमाणे दारात पुढे सरकली, तर मुलगी म्हणाली, "अम्मी, हे अंधेरी नव्हे, दार लगेच बंद होत नाही." आम्ही तिघेही हसलो.

शहराची रचना मनात ठसण्यासारखी आहे. मागे रोक्को नावाचे डोंगर, पुढे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत पंधरा लाख वस्तीचे शहर. रोक्कोचे शिखर ९३१ मीटर उंच आहे. आपण उपनगरवाले रेल्वेच्या रुळांवरून दिशा सांगतो. अंधेरी ईस्ट, अंधेरी वेस्ट, एवढे म्हटले की काम झाले. कोबेचे लोक "डोंगराकडे" आणि "समुद्राकडे" असे म्हणतात. दुकान रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला आहे की समुद्राकडच्या, असा त्यांचा पत्ता असतो. मला ही पद्धत फार आवडली. परक्या माणसालाही मान वर केली की डोंगर दिसतो आणि वाट सापडते. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत, मुलुंडलाही आहेत, पण वाट विचारताना आपण त्यांच्याकडे कधी बघत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही बंदर पाहिले. मुंबईकराने कोबेचे बंदर परके मानू नये. परदेशी व्यापारासाठी ते १८६८ साली खुले झाले. पुढे १८९३ साली निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबई ते कोबे अशी नियमित आगबोट सुरू केली. त्या कंपनीची ही पहिलीच दूरच्या समुद्रावरील नियमित सेवा होती. कशासाठी, तर आपल्याकडचा कापूस नेण्यासाठी. मुंबई बंदरातून निघालेल्या कापसाच्या गाठी कोबेला उतरत आणि ओसाकाच्या गिरण्यांत जात. आपल्या गिरण्यांची धुराडी आज थंड झाली आहेत, परंतु एके काळी येथला कापूस, तेथले चाते आणि दोन्ही टोकांचे व्यापारी यांचा एकच बाजार होता.

त्या व्यापाराबरोबर हिंदी माणसेही तेथे गेली. योकोहामा येथेही पुष्कळ हिंदी व्यापारी होते. १९२३ च्या भूकंपात ते शहर उद्ध्वस्त झाले तेव्हा त्यांतील अनेकजण कोबेला येऊन राहिले. सिंधी, गुजराती, पंजाबी, आणि त्यांत हिंदू, मुसलमान, शीख, जैन सारेच होते. डोंगराच्या पायथ्याशी कितानो नावाची वस्ती आहे. तेथे जुन्या परदेशी व्यापाऱ्यांची लाकडी घरे जपून ठेवली असून पर्यटक ती पाहावयास येतात. त्याच परिसरात मशीद, कॅथॉलिक चर्च, यहुद्यांचे प्रार्थनामंदिर आणि १९८५ साली बांधलेले संगमरवरी जैन मंदिर आहे. खाली शहरात जपान्यांचे इकुता नावाचे प्राचीन देवस्थान आहे. एका सकाळी आम्ही पायी हिंडत ही सर्व ठिकाणे पाहिली. कोणी कोणाच्या अंगावर आलेले दिसले नाही.

आता मशिदीविषयी सांगतो. आम्हांला कोबेला जावयाचे होते ते मुख्यतः हिच्यासाठी. सान्नोमिया स्टेशनपासून डोंगराकडे दहा-बारा मिनिटे चालले की उंच इमारतींमधून दोन मिनार आणि घुमट दिसू लागतात. परमुलुखात असे दृश्य दिसले की छाती कशी भरून येते, हे अनुभवल्यावाचून कळणार नाही. माझ्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले.

ही जपानमधली पहिली मशीद. १९३५ साली ती खुली झाली. तिच्यासाठी पैसा दिला तो कोबेतल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी. त्यांत हिंदी व्यापाऱ्यांचा वाटा मोठा होता. रशियातून परागंदा होऊन आलेले तातार मुसलमानही त्या कामात होते. आराखडा केला यान योसेफ श्वागर या चेक वास्तुविशारदाने, आणि तो ख्रिस्ती होता. बांधकाम केले ताकेनाका या जपानी कंपनीने. या कंपनीचा मूळ पुरुष शेकडो वर्षांपूर्वी देवळे बांधणारा सुतार होता. म्हणजे पैसा मुसलमानांचा, नकाशा ख्रिस्त्याचा आणि हात देवळे बांधणाऱ्यांच्या वारसांचे. अल्लाहचे घर असे उभे राहिले.

त्या दिवशी जुम्मा होता. पत्नी आणि मुलगी स्त्रियांच्या जागेत गेल्या, मी पुरुषांत बसलो. माझ्या एका बाजूला इंडोनेशियाचा विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला एक जपानी गृहस्थ. मला जपानी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, पण सफ सरळ करण्यासाठी कोणाला कोणाची भाषा लागली नाही. नमाजानंतर मशिदीजवळच्या हलाल दुकानातून आम्ही मसाले आणि डाळ घेतली. बाहेर खाताना आम्हांला विचारून खावे लागे, कारण जपानी रश्शांत आणि सॉसमध्ये पुष्कळदा तांदळाची गोड दारू घालतात. भात, भाजलेली मासळी आणि फळे यांवर आमचे छान चालले.

या मशिदीविषयी एक गोष्ट प्रसिद्ध आहे आणि ती आपल्या लोकांत मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात १९४५ च्या मार्च आणि जून महिन्यांत अमेरिकन विमानांनी कोबेवर आगीचे बॉम्ब टाकले. भोवतालचे शहर जळून राख झाले. मशीद उभी राहिली. भिंती काळवंडल्या, पण इमारत टिकली आणि बेघर झालेल्यांना तिने आसरा दिला. पुढे १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबेला भीषण भूकंप झाला. ६,४०० हून अधिक माणसे गेली. त्यातही मशीद उभी राहिली. साठ वर्षांत दोन कयामती आल्या आणि गेल्या, पण अल्लाहचे घर जागचे हलले नाही.

मीही ही गोष्ट अभिमानाने ऐकली होती आणि तशीच सांगत होतो. मशिदीसमोर उभा राहून मुलीला म्हणालो, "बघ, हा करिश्मा." ती हळूच म्हणाली, "अब्बा, करिश्मा आहेच. पण तुम्ही तर बांधकामातले. ती का उभी राहिली, हे तुम्हीच मला सांगा ना."

मी पुन्हा वर पाहिले. या वेळी ओव्हरसिअरच्या नजरेने पाहिले. सळईकाँक्रीटची इमारत, खाली तळघर, जाड भक्कम भिंती, सगळा भार पायापर्यंत सरळ उतरविलेला. ज्या काळात भोवतालची वस्ती लाकडाची होती त्या काळात या लोकांनी काँक्रीटवर पैसा खर्च केला. देखरेख कोणी केली असेल ते असो, त्याने चोरी होऊ दिली नाही. अल्लाहने तिला वाचविले यावर माझा विश्वास आहे. पण ज्यांच्या हातून वाचविले, त्या हातांनी आपले काम चोख केले होते. एवढे त्या दिवशी कळले आणि मी गप्प झालो. का गप्प झालो, ते पुढे सांगतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही भूकंपाचे संग्रहालय पाहावयास गेलो. २००२ साली उघडलेली ही मोठी संस्था समुद्राकडच्या भागात आहे. तेथे प्रथम एका अंधाऱ्या दालनात भूकंपाचे ते क्षण पडद्यावर दाखवितात. आवाज असा येतो की पायाखालची जमीन आपलीही हलते असे वाटते. आगगाडीचे रूळ वाकतात, इमारती खाली बसतात. हानशिन नावाचा खांबांवरचा उंच रस्ता सहाशे मीटरहून अधिक लांबीवर एका अंगाला आडवा झाला होता, तोही दाखवितात.

मग वस्तू आणि माहिती पाहावयास मिळते. बहुतेक माणसे घरे अंगावर कोसळून मेली. जुनी लाकडी घरे होती आणि त्यांवर जड कौलांची छपरे होती. वरचा भार मोठा, खालचे खांब बारीक. नागाता नावाच्या भागात चपला-बूट तयार करणारी छोटी छोटी कारखानदारी होती. तेथे घरे पडली आणि वर आगी लागल्या. हे वाचताना मला आपले किल्लारी आठवले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन करून गावे झोपली होती. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माळवदाचा जड थर झोपलेल्या माणसांवर आला. कोबेच्या सोळाच महिने आधी. एक देश श्रीमंत, एक गरीब, पण वरचे ओझे खालच्याला पेलले नाही म्हणजे काय होते, ते दोन्हीकडे सारखेच.

आणखी एक गोष्ट तेथे कळली आणि ती महत्त्वाची आहे. जपानने भूकंपासंबंधी बांधकामाचे नियम वेळोवेळी कडक केले. १९६८ च्या एका भूकंपात शाळांचे काँक्रीटचे खांब फुटले, तेव्हा १९७१ साली नियम बदलून खांबातल्या रिंगा अधिक जवळजवळ बांधण्यास सांगितले. १९८१ साली सर्व नियम नव्याने केले. १९९५ मध्ये असे दिसून आले की १९८१ नंतर बांधलेल्या इमारती बहुतांशी टिकल्या आणि जुन्यांनी मार खाल्ला. प्रत्येक आपत्तीनंतर त्यांनी रडून घेतले, पण रडून झाल्यावर ते पुस्तक उघडून बसले.

विद्यार्थी मित्रांनो, रिंग म्हणजे काय ते तुम्हांला सांगतो. कॉलममध्ये उभ्या सळ्या असतात. त्यांना भोवतालून बारीक सळईची कडी बांधतात. ती रिंग. भूकंपात कॉलम हलतो तेव्हा उभ्या सळ्या बाहेर फुगू पाहतात, आतले काँक्रीट फुटू पाहते. रिंगा त्याला कवेत धरून ठेवतात. रिंगा विरळ असल्या तर कॉलम उसासारखा फुटतो. पण काँक्रीट एकदा ओतले आणि गिलावा झाला की आत रिंग सहा इंचांवर आहे की नऊ इंचांवर, हे कोणालाही दिसत नाही.

तेथे फुटलेल्या कॉलमचे चित्र होते. उभ्या सळ्या कंदिलासारख्या फुगलेल्या, आणि रिंगा दूर दूर. मी त्यापुढून हलू शकलो नाही. माझ्या मुलीला वाटले, अब्बांना चक्कर आली. मला चक्कर आली नव्हती, मला १९८९ साल आठवले होते.

आपल्या उपनगरात एका साइटवर मी त्या वेळी कामाला होतो. पाच मजली इमारत होती. स्लॅब टाकण्याची तारीख ठरलेली, पाऊस तोंडावर आलेला, आणि सळई कमी पडली. एका मजल्याच्या काही कॉलमांत सहा इंचांच्या जागी नऊ-नऊ इंचांवर रिंगा बांधल्या गेल्या. मला ते दिसले. काम थांबविणे माझ्या हातात होते. मी थांबविले नाही. म्हटले, काही होत नाही, एवढे चालते. दुसऱ्या दिवशी काँक्रीट पडले आणि गोष्ट मिटली. कोणी मला पैसे दिले नाहीत, कोणी धमकी दिली नाही. फक्त गप्प बसणे सोपे होते, म्हणून मी गप्प बसलो. त्या इमारतीत आज कुटुंबे राहतात.

ही गोष्ट मी घरीदेखील सांगितली नव्हती. कोबेमध्ये त्या चित्रापुढे पत्नीला आणि मुलीला सांगितली. आणि आज तुम्हां सर्वांपुढे सांगतो आहे.

त्या संग्रहालयात भूकंपातून वाचलेली वृद्ध माणसे स्वयंसेवक म्हणून येतात आणि आपली हकीकत सांगतात. आम्ही गेलो तेव्हा एक आजीबाई शाळेच्या मुलांना सांगत होत्या. मुलगी मला कानात अर्थ सांगत होती. आजीबाईंचे बोलणे साधे होते. रात्री झोपताना कपाट कोणत्या बाजूला पडेल ते पाहून अंथरूण घालावे, शेजाऱ्याचे नाव ठाऊक असावे, कारण ढिगाऱ्याखालून बहुतेकांना शेजाऱ्यांनीच काढले. मुले मांडीवर वही घेऊन लिहून घेत होती. कोणी हसत नव्हते, कोणी खोड्या काढीत नव्हते. मी मनात म्हणालो, ही आजी आपले दुःख लपवून ठेवू शकली असती. ती ते मुलांच्या कामी लावते आहे. मग मी माझी चूक का लपवून ठेवू?

तिसऱ्या दिवशी पुन्हा समुद्राकडे गेलो. तेथे १९६३ साली बांधलेला १०८ मीटर उंचीचा तांबडा मनोरा आहे. वरून सारे शहर, डोंगर आणि बंदर दिसते. त्याच्या जवळच धक्क्याचा सुमारे ६० मीटरचा तुकडा भूकंपात मोडला होता तसाच राखून ठेवला आहे. फरशा उलथलेल्या, दिव्याचे खांब कललेले, खाली पाणी. भोवताली सगळे नवे, चकचकीत, आणि मधोमध ही जखम. इतके श्रीमंत शहर, ते एका महिन्यात दुरुस्त करू शकले असते. मुद्दाम केले नाही. मुलांना दिसले पाहिजे म्हणून. दर वर्षी १७ जानेवारीला पहाटे लोक एका बागेत दिवे लावून जमतात आणि बरोबर ५ वाजून ४६ मिनिटांनी स्तब्ध उभे राहतात.

तेथून आगगाडीने आकाशी येथील पूल पाहिला. समुद्रावर झुलणारा हा पूल १९९८ साली खुला झाला. दोन मनोऱ्यांमधले अंतर १,९९० मीटर ठरविले होते. काम चालू असतानाच १९९५ चा भूकंप झाला आणि मनोरे सुमारे एक मीटरने दूर सरकले. त्यांनी सारे पुन्हा मोजले, पुन्हा हिशेब केला आणि १,९९१ मीटरचा पूल पुरा केला. जगातला हा सर्वांत लांब गाळा होता. २०२२ साली तुर्कस्तानातील चनाक्कलेच्या पुलाने २,०२३ मीटर करून तो मान घेतला. पुलाखाली उभा राहून मला त्या एक मीटरचे कौतुक वाटत होते. धरणीने त्यांचा हिशेब चुकविला, त्यांनी धरणीला शिव्या दिल्या नाहीत, हिशेब बदलला.

चौथ्या दिवशी नुनोबिकीचा धबधबा पाहिला. बुलेट ट्रेनच्या स्टेशनच्या मागून पायवाट डोंगरात शिरते आणि थोड्याच वेळात ४३ मीटरवरून कोसळणारे पाणी समोर येते. नोव्हेंबर असल्यामुळे झाडांची पाने लाल-पिवळी झाली होती. वाटेत एक कागदाचा कपटा दिसला नाही. मला शहरात कचऱ्याचे डबेही फारसे दिसले नाहीत. आपला कचरा आपल्या पिशवीत घालून घरी न्यावयाचा, अशी सवय आहे.

ही सवय कोठून येते, ते नातवामुळे कळले. तो सात वर्षांचा असून तेथल्या सरकारी शाळेत जातो. जेवणात डुकराचे मांस असेल त्या दिवशी त्याची आई त्याला डबा देते. एके दिवशी तो सांगू लागला की, आज वर्गाची फरशी पुसण्याची पाळी माझी होती. माझी पत्नी रागावली. "आमचा नातू काय झाडूवाला आहे? शाळेत फरशी पुसायला पाठवले काय?" नातू म्हणाला, "दादी, वर्ग आमचाच आहे ना? मग दुसरे कोण पुसणार?" यावर तिला उत्तर सुचले नाही, मलाही नाही. तेथे मुले रोज आपला वर्ग आणि जिने स्वतः झाडतात. जेवणही आळीपाळीने तीच वाढतात.

पालक हो, हे एका दिवसात झालेले नाही. १८७२ साली, म्हणजे आपल्या बद्रुद्दीन तय्यबजी आदी मंडळींनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली त्याच्या दोनच वर्षे आधी, जपानने शिक्षणाचा कायदा केला. त्याचा हेतू असा की गावात एकही घर अडाणी राहू नये आणि घरात एकही माणूस अडाणी राहू नये. मुलगा असो वा मुलगी, शेतकरी असो वा कारागीर. आणि हे शिक्षण त्यांनी त्यांच्याच भाषेत दिले. ही गोष्ट पाहण्यासाठी १९२२ साली हैदराबाद संस्थानचे शिक्षणाधिकारी सय्यद रॉस मसूद जपानला गेले होते. सर सय्यद अहमद खानांचे ते नातू. तेव्हा आपला मराठवाडा त्या संस्थानात होता. परत येऊन त्यांनी जपानी शिक्षणपद्धतीवर पुस्तक लिहिले. परभाषेची कुबडी न घेताही विज्ञान शिकता येते, हे त्यांना तेथे दिसले.

मी हे का सांगतो? मुलगा मराठी किंवा उर्दू माध्यमात आहे म्हणून आपल्यांतले पुष्कळ पालक मान खाली घालतात. माझी मुलगी मराठीतच दहावी झाली. इंग्रजी ती नंतर शिकली, जपानी त्याहून नंतर. लाज माध्यमाची नसावी. समजल्यावाचून पाठ केले, गाईड घोकले, दुसऱ्याच्या वहीतून उतरविले, लाज त्याची असावी. तो रिंगा कमी घातलेला कॉलम आहे. मार्कशीटचा गिलावा वरून सुंदर दिसतो. दहावीला दिसत नाही, बारावीला दिसत नाही. पुढे कोठेतरी जमीन हलते आणि तेव्हा दिसते.

आणि हे फक्त परीक्षेपुरते नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमध्ये चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसे गेली. तेथे भूकंप झाला नव्हता. तळमजल्यावर फेरफाराचे काम चालू होते. आपल्या घरात, आपल्या दुकानात भिंत काढताना "काही होत नाही, एवढे चालते" असे म्हणणारा कोणी ना कोणी असतोच. १९८९ साली तो मी होतो.

आता शेवटचे सांगतो. परत आल्यावर आठ दिवस मला झोप लागली नाही. मग मी त्या इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि चेअरमन यांना जाऊन भेटलो. कोणत्या मजल्यावर, कोणत्या कॉलमांत काय झाले ते माझ्या हाताने कागदावर काढून दिले. प्रथम ते रागावले, आणि ते साहजिक होते. एकजण म्हणाला, "इतकी वर्षे कोठे होता?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण त्यांनी कागद ठेवून घेतला. तीस वर्षांवरील इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट मुंबईत कायद्यानेच करावे लागते, ते त्यांनी लांबणीवर टाकले होते. आता इंजिनिअर येऊन गेला आहे. ज्या कॉलमांवर मी खूण केली होती त्यांना बाहेरून जाकिटासारखे नवे काँक्रीट आणि नव्या रिंगा घालून बळकटी देण्याचे ठरले आहे. वर्गणी जमते आहे. मी माझ्या शिलकीतून माझा वाटा दिला आहे. तो फार मोठा नाही, पण काम सुरू होईल तेव्हा रिंगा मोजावयास मी स्वतः उभा राहणार आहे. इन्शाअल्लाह, या वेळी सहा इंच म्हणजे सहा इंच.

मुलांनो, तुम्ही मोठे व्हा, जपान पाहा, त्याहून दूरही जा. कोबेला गेलात तर त्या मशिदीत दोन रकात नमाज अदा करा. मिनार पाहा, घुमट पाहा, फोटो काढा. आणि मग क्षणभर तिच्या भिंतीला हात लावून, १९३५ साली आत रिंगा बांधणाऱ्या त्या अनाम जपानी कारागिरासाठी दुआ करा. त्याचे काम कोणालाही दिसणार नव्हते, तरी त्याने ते पुरते केले.